अदिस अबाबात इथिओपियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून चौघे जण कंपनीच्या कामासाठी अदिस अबाबाला निघाले आहेत. त्यांपैकी दोघे शुद्ध शाकाहारी, एक जण मांसाहारी पण गोमांस न खाणारा, आणि एकाला कशाचेच वावडे नाही. तिथल्या यजमानांनी एका संध्याकाळी इथिओपियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेण्याचा बेत केला आहे. काय मागवावे, कसे जेवावे, काय टाळावे, आणि शाकाहारी मंडळी उपाशी तर राहणार नाहीत ना, असे त्यांचे विचारणे आहे. अदिसमधल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत मी बरीच वर्षे काम केले आहे आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची पाने मला चांगली परिचयाची आहेत. म्हणून शेवटच्या शंकेपासूनच उत्तराला सुरुवात करते.

उपाशी राहण्याचा प्रश्नच येत नाही. उलट, शाकाहारी माणसाला आडरानातल्या साध्या खानावळीतही पोटभर आणि चवीचे जेवण मिळेल असे जे थोडे देश आहेत, त्यांत इथिओपियाची गणना करावी लागेल. मात्र त्यासाठी मेनूकार्ड पाहण्याआधी वार पाहावा. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे अनुयायी बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, आणि त्या उपवासात मांस, दूध, लोणी, अंडी यांपैकी काहीही चालत नाही. त्याखेरीज ईस्टरपूर्वीचा ५५ दिवसांचा मोठा उपवास, ७ जानेवारीच्या नाताळाआधीचा सुमारे सहा आठवड्यांचा उपवास, ऑगस्टमधील फिल्सेताचा सुमारे दोन आठवड्यांचा उपवास, असे सगळे मिळून धर्मनिष्ठ माणसाच्या वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस उपवासाचेच असतात. शतकानुशतके हा नेम पाळला गेल्यामुळे डाळी, भाज्या आणि तेल यांवर उभा राहिलेला एक संपूर्ण स्वयंपाक तिथे तयार झाला आहे, आणि त्याला कोणी पथ्याचे जेवण समजत नाही. ईस्टरनंतरच्या ५० दिवसांत मात्र बुधवार-शुक्रवारचे उपवास नसतात, त्यामुळे तुमचा प्रवास त्या काळात असेल तर हा हिशेब लागू पडणार नाही.

रेस्टॉरंटच्या भाषेत उपवासाच्या पदार्थांना ‘त्सोम’ आणि बिनउपवासाच्या पदार्थांना ‘फिसिक’ म्हणतात. हे दोन शब्द पाठ केले तरी निम्मे काम होते. वाढप्याला ‘व्हेजिटेरियन’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांसमोर काय येईल याचा भरवसा नाही. ‘त्सोम’ म्हटले की एकदम स्पष्ट चित्र उभे राहते. ‘त्सोम बेयायनेतू’ असे सांगितल्यावर जे ताट येते, त्यात इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या मऊ भाकरीवर, सात-आठ पदार्थांच्या राशी गोल मांडलेल्या असतात: मसुरीच्या डाळीचे तिखट लाल मिसिर वोत (वोत म्हणजे दाट रस्सा), वाटाण्याच्या डाळीचे हळद घातलेले सौम्य किक अलिचा, गोमेन नावाची परतलेली गर्द हिरवी पालेभाजी, कोबी-गाजर-बटाट्याची तिकिल गोमेन, फरसबी आणि गाजराची फोसोलिया, बीट, टोमॅटोची कोशिंबीर, आणि कधी मोहरीचा झणका असलेली, अख्ख्या मसुरीची थंड अझिफा. तुमच्यातल्या दोघा शाकाहाऱ्यांनी डोळे मिटून हे मागवावे. बुधवारी किंवा शुक्रवारी ते ताजे असते, कारण त्या दिवशी त्याचा खप असतो. रविवारी तेच ताट मागवले तर मिळेल, पण सगळे पदार्थ त्याच सकाळचे असतीलच असे नाही.

शाकाहाऱ्यांसाठी तीन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली माशांची. उपवासात मासे चालतात की नाही याबद्दल तिथल्या लोकांतच एकमत नाही, आणि बरीच रेस्टॉरंटे उपवासाच्या मेनूत मासे ठेवतात; म्हणून ‘त्सोम’ म्हटल्यानंतर ‘आसा नको’ हेही सांगावे, आसा म्हणजे मासा. दुसरी म्हणजे शिरो या पिठल्यासारख्या पदार्थाचा ‘बोझेना शिरो’ हा प्रकार: त्यात मांसाचे तुकडे असतात, आणि गोमेनचाही ‘बे-सिगा’ म्हणून मांस घातलेला प्रकार असतो. तिसरी, बिनउपवासाच्या दिवशी डाळीत आणि शिरोत मसालेदार तूप घातले जाऊ शकते. आपल्याकडच्या शाकाहाऱ्याला तुपाचे काही वाटणार नाही, पण दूधही वर्ज्य असलेल्याने ते विचारून घ्यावे. जैन पाहुण्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती स्पष्टच सांगितलेली बरी. कांदा आणि लसूण हा या स्वयंपाकाचा पायाच आहे, वाढप्याने मान डोलावली तरी वोतमधून कांदा वेगळा निघत नाही. त्यांनी सकाळच्या मेनूत मिळणारा किंचे, म्हणजे तुपातला भरड्या गव्हाचा पदार्थ (तुपात कांदा-लसूण नाही ना, हे विचारून), फळे आणि भाजलेले जव यांवर भिस्त ठेवावी.

आता इंजेराबद्दल, कारण सगळे जेवण याच्यावरच उभे आहे आणि भारतीय पाहुण्यांची पहिली तक्रारही याच्याबद्दलच असते. ते त्याला डोसा समजतात, हात लावतात आणि ‘गार आहे, गरम आणा’ असे सांगतात. इंजेरा गारच वाढतात. टेफ या खसखशीहूनही बारीक दाण्याच्या धान्याचे पीठ भिजवून, त्यात आधीच्या पिठावरचे पिवळसर आंबट पाणी विरजणासारखे घालून ते दोन-तीन दिवस आंबवतात. मग त्यातले थोडे पीठ पाण्यात शिजवून परत मूळ पिठात मिसळतात, त्यामुळे भाकरीला लवचिकपणा येतो. ‘मिताद’ नावाच्या मोठ्या सपाट तव्यावर, जो आता शहरात बहुधा विजेवर चालतो, हे पीठ कडेपासून मधल्या भागाकडे गोल गोल सोडत आणतात. काही क्षणांत पृष्ठभागावर बुडबुडे फुटून शेकडो बारीक छिद्रे पडतात, त्यांना तिथे ‘डोळे’ म्हणतात. मग झाकण ठेवून वाफ देतात आणि एकाच बाजूने भाजलेला इंजेरा गवताच्या सपाट चटईवर सरकवून काढतात. तो उलटत नाहीत. थंड झाला की एकावर एक रचून झाकून ठेवतात.

कोणत्याही रेस्टॉरंटची पारख करायची असेल तर मी आधी इंजेराचा तुकडा हातात घेऊन पाहते. डोळे सगळीकडे सारखे आणि दाट हवेत, खालची बाजू गुळगुळीत हवी, तुकडा बोटाला न चिकटता आणि न तुटता दुमडला पाहिजे, आणि आंबटपणा जिभेच्या कडेला जाणवून लगेच ओसरला पाहिजे. मध्यभागी डोळे नसलेला चकचकीत डाग दिसला तर तवा नीट तापलेला नव्हता किंवा पीठ कमी आंबले होते असे समजावे. रंगावरून दर्जा ठरवू नये. पांढऱ्या टेफचा इंजेरा महाग आणि मानाचा समजला जातो, पण तांबूस टेफच्या इंजेराला चव अधिक असते, असे माझे मत आहे. टेफमध्ये ग्लुटेन नसते. तरीही ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण टेफ महाग असल्यामुळे स्वस्त ठिकाणी त्यात जव, ज्वारी, तांदूळ मिसळतात, आणि परदेशातल्या रेस्टॉरंटांत तर गव्हाचे पीठ सर्रास असते. उत्तरेकडच्या काही भागांत इंजेरात नाचणीही घालतात. जाता जाता सांगायचे तर, आपण ज्या नाचणीला अगदी कोकणची समजतो तिचे मूळ घर पूर्व आफ्रिकेचा, इथिओपियासह, उंच डोंगराळ प्रदेश हेच आहे.

इंजेरा म्हणजे ताट, चमचा आणि अन्न तिन्ही. उजव्या हाताने कडेचा तुकडा तोडावा, त्यात बोटांच्या टोकांनी वोत पकडावे आणि तोंडात घालावे. बोटे चाटायची नाहीत आणि हातही तळव्यापर्यंत भरू द्यायचा नाही. आपल्याकडे भात कालवताना जी मोकळीक असते ती इथे नाही. सोबत गुंडाळलेले जादा इंजेरे येतात, सुरुवात त्यांनी करावी. ताटाखाली पसरलेला इंजेरा सर्व पदार्थांचा रस पिऊन मऊ होतो आणि तो शेवटी खायचा असतो. जाणकार माणसे त्याची वाट पाहत असतात, आणि आमचे पाहुणे नेमका तोच टाकून उठतात. सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतात, तेव्हा आपल्यासमोरच्या भागातूनच घ्यावे, पलीकडे हात घालू नये. जेवणाआधी वाढपी तांब्या आणि तस्त घेऊन टेबलापाशी येतो किंवा खोलीतच हात धुण्याची सोय असते. हॉटेलातल्या आपल्या खोलीतून हात धुऊन आला असलात तरी सगळ्यांसमोर पुन्हा धुवावेत, ते सभ्यपणाचे मानले जाते.

एकाच ताटाचा प्रश्न तुमच्या चौघांच्या बाबतीत खरा अडचणीचा आहे. मांसाचे आणि डाळीचे रस इंजेरावर एकमेकांत मिसळतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी ‘आम्ही आमच्या बाजूने खाऊ’ असे म्हणण्यात अर्थ नाही. दोन ताटे मागवावीत: एक त्सोमचे, एक फिसिकचे. यजमानांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. ऐन वेळी सांगितले तर त्यांना आपल्या पाहुणचारात काही कमी राहिले असे वाटते. आधी सांगितले तर ‘यांचा उपवास आहे’ एवढ्यावर सगळे समजून घेतात, कारण एकाच घरात एक जण उपवासाचे आणि दुसरा बिनउपवासाचे जेवतो आहे, हे त्यांना रोजचे आहे.

गोमांस न खाणाऱ्या मित्राने मेनूतले शब्द नीट ओळखले पाहिजेत, कारण नुसते ‘सिगा’ म्हणजे मांस, आणि काही सांगितले नाही तर ते बहुधा बैलाचे असते. ‘येबेरे’ लिहिलेले असले तर बैल, ‘येबेग’ म्हणजे मेंढा, ‘येफियेल’ म्हणजे बकरा, ‘डोरो’ म्हणजे कोंबडी. तिब्स, म्हणजे कांदा-मिरची आणि रोझमेरीसह तव्यावर खरपूस परतलेले मांसाचे तुकडे, ‘येबेग तिब्स’ असे नेमके सांगूनच मागवावे. डुकराचे मांस कुठे चुकून येईल ही भीती मात्र नको, कारण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही ते खात नाहीत. मुसलमान पाहुण्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे दोन्ही समाज दुसऱ्याच्या हातचे कापलेले मांस सहसा खात नाहीत, आणि रेस्टॉरंटेही त्यानुसार वेगळी असतात.

डोरो वोत हा सणाचा पदार्थ आहे आणि मांसाहार करणाऱ्या दोघांनी तो जरूर घ्यावा, पण ज्या ठिकाणी तो मन लावून केला जातो अशाच ठिकाणी. त्याचे सगळे रहस्य कांद्यात असते. अतिशय बारीक चिरलेला कांदा, कोंबडीच्या मानाने डोळे विस्फारतील इतका, कोरड्या पातेल्यात तेल-तूप न घालता मंद आचेवर हलवत राहायचा, चिकटू लागला की पाण्याचा हबका द्यायचा, आणि त्याचा पार लगदा झाल्यावरच तूप आणि बेरबेरे घालायचे. बेरबेरे म्हणजे वाळवलेल्या लाल मिरच्यांत आले, लसूण, मेथी, ओवा, कलौंजी, धणे आणि कोरारिमा नावाची तिथली मोठी वेलची घालून केलेला मसाला. तो परतायलाही वेळ द्यावा लागतो, नाहीतर मिरचीचा कच्चा वास राहतो. एवढे झाल्यावर कोंबडीचे तुकडे पडतात, परंपरेने एका कोंबडीचे बारा, आणि शेवटी उकडलेली अंडी. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो. वाढलेल्या डोरो वोतमध्ये कांद्याच्या फोडी वेगळ्या दिसल्या तर घाई झाली आहे असे खुशाल समजावे. तिखटपणाने आपल्याकडचा माणूस हबकणार नाही, पण मितमिता नावाची नारिंगी पूड बाजूला दिली असेल तिच्याशी जपून वागावे.

कितफो हे बारीक चिरलेले कच्चे गोमांस, मितमिता आणि कोमट मसालेदार तुपात कालवलेले, गुरागे लोकांचा अभिमानाचा पदार्थ आहे, आणि यजमान तो मोठ्या प्रेमाने मागवतील. तुमच्यातल्या ‘कशाचेच वावडे नसलेल्या’ गृहस्थांना माझा सल्ला असा की तो ‘लेबलेब’, म्हणजे अर्धवट शिजवलेला, मागवण्यानेही पुरेशी सुरक्षितता मिळत नाही. ‘येबेसेले’, म्हणजे पूर्ण शिजवलेला, घ्यावा. कच्च्या गोमांसातून पट्टकृमी होण्याचा धोका तिथल्या लोकांनाही चांगला ठाऊक आहे, त्यावर कोसो नावाच्या झाडाच्या फुलांचे औषध घेण्याची त्यांची जुनी रीत आहे. सोबत येणारे अयिब हे ताजे पांढरे चीज आणि एन्सेट या केळीसारख्या झाडापासून केलेली कोचो नावाची भाकरी मात्र अवश्य चाखावी.

आता शिरोबद्दल. माझ्या मते एखाद्या स्वयंपाकघराचा हात शिरोत दिसतो, आणि मराठी माणसाला हा पदार्थ पहिल्याच घासाला आपला वाटतो, कारण तो पिठल्याचा सख्खा भाऊ आहे. भाजलेले हरभरे, वाटाणे किंवा बाकला, मसाल्यासकट दळून ठेवलेले, कांद्या-लसणाच्या फोडणीत पाण्याबरोबर शिजवतात. काही घरांत त्यात ग्वाया, म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडची लाखोळी, वापरण्याचीही पद्धत आहे. ‘शिरो तेगाबिनो’ मागवावा. तो लहानशा काळ्या मातीच्या भांड्यात येतो आणि टेबलावर ठेवल्यानंतरही बराच वेळ रटरटत राहतो. वाढपी तो इंजेरावर उलटा ओततो तेव्हा कडेला तेलाची लाल रेघ सुटलेली असते आणि भांड्याच्या तळाशी खरवडायला थोडे राहते. शिरोत पिठाचा कोरडा कण लागला किंवा तो पातळ पाण्यासारखा पसरला, तर त्या ठिकाणी पुढचे काही मागवू नये. शाकाहाऱ्यांच्या ताटात बेयायनेतूच्या जोडीला हा असावाच.

जेवताना यजमान इंजेराचा मोठा घास करून स्वतःच्या हाताने तुमच्या तोंडात भरवतील. याला गुर्शा म्हणतात, आणि तो मानाचा, स्नेहाचा असतो. नाकारले तर त्यांच्या मनाला फार लागते. तोंड नीट उघडावे, घास लहान नसतो. आणि मग एखादा आपणही त्यांना भरवावा. शाकाहाऱ्यांनी मात्र यजमानांचा हात कोणत्या ताटाकडे जातो आहे तिकडे लक्ष ठेवून हसत हसत आधीच सांगावे. एकदा घास ओठांपाशी आला की फार उशीर झालेला असतो.

पिण्यासाठी तेज म्हणजे मधाची दारू, गेशो नावाच्या झुडपाच्या पानां-काड्यांनी आंबवलेली, ‘बेरेले’ नावाच्या लांब मानेच्या काचेच्या कुप्यांत मिळते. गोड लागते म्हणून भरभर पिऊ नये. अदिस समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच आहे आणि पहिल्या दोन दिवसांत थोड्या मद्यानेही डोके जड होते. न पिणाऱ्यांसाठी अंबो हे नैसर्गिक फसफसते पाणी उत्तम, किंवा अॅव्होकाडो, आंबा आणि पपई यांच्या रसांचे थर दिलेले ‘स्प्रिस’. गोडाची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावे, की जेवणानंतर पक्वान्न हा प्रकार तिथल्या परंपरेत जवळजवळ नाहीच. इटालियन वळणाच्या केकच्या दुकानांत जाऊन ती हौस भागवावी लागते. मॅकियातो, म्हणजे थोडा दुधाचा फेस घातलेली कडक इटालियन कॉफी, हीही अशाच दुकानांत घ्यावी, आणि १९५३ साली सुरू झालेले तोमोका हे कॉफीगृह त्यासाठी अदिसमध्ये प्रसिद्ध आहे.

घरगुती पद्धतीची कॉफी, बुना, मात्र रेस्टॉरंटातच घ्यावी. हिरवे दाणे तव्यावर समोरच भाजतात, धूर पाहुण्यांच्या नाकाशी आणतात, मग कुटून ‘जेबेना’ या मातीच्या चंबूत उकळतात; सोबत धूप आणि लाह्या. तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना आणि बरका, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा सौम्य. तिसरी फेरी होईपर्यंत बसणे अपेक्षित असते, म्हणून जेवणानंतर तासाभराची सवड ठेवावी, आणि रात्री कॉफीने झोप उडत असेल तर दुपारच्या जेवणाला जाण्याचे यजमानांना सुचवावे. एस्किस्ता हा खांद्यांचा नाच दाखवणाऱ्या मोठ्या रेस्टॉरंटांचे आमंत्रण असेल तर अवश्य जावे, पण तिथली बुफेची पाने नाचाच्या तोडीची असतील अशी अपेक्षा ठेवू नये. चवीसाठी मी पाहुण्यांना बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारी, कामगार आणि कचेरीतली माणसे गर्दी करतात अशा साध्या ठिकाणी पाठवते.

वेळ ठरवताना घड्याळाचा घोळ टाळावा. इथिओपियन लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे ‘रात्री एक वाजता’ म्हणजे आपल्या हिशेबाने संध्याकाळी सात. वेळ सांगितली की ती तुमच्या घड्याळाने की त्यांच्या, हे लगेच विचारून घ्यावे. यजमानांनी बोलावले असेल तर बिल त्यांचेच असते आणि वाटून देण्याचा आग्रह त्यांना रुचत नाही. परत बोलावणे हा त्याला योग्य मार्ग. तुम्ही बोलावले तर मेनूतल्या किमतीत १५ टक्के व्हॅट आणि मोठ्या ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क धरलेले आहे की नाही ते पाहावे, आणि ते वेगळे लावत असतील तर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे छापलेली असतात. रोख बिर्र, म्हणजे तिथले चलन, जवळ ठेवावेत. परदेशी कार्ड सगळीकडे चालत नाही.